आघाडीचे सरकार आणि आपला ऊस



मी शेतकी खात्याचा माणूस. बेणे, लागण, खोडव्याची निगा यापलीकडे या पानावर सहसा लिहीत नाही, आणि राजकारणावर लिहिणे हे कारखान्याच्या नोकराचे कामही नव्हे. पण 2024 च्या लोकसभा निवडणुकीपासून गटात कुठेही मोटारसायकल लावली की हाच विषय निघतो. तो आता बांधापर्यंत येऊन भिडला आहे, म्हणून चार ओळी लिहितो. कोणत्या पक्षाला मत द्यावे हे मी सांगणार नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

आपल्या तालुक्याचे तर दोन तुकडे आहेत. अंबड शहराकडचा भाग बदनापूर विधानसभेतून जालना लोकसभेला जोडलेला, आणि गोदाकाठचा भाग घनसावंगीतून परभणीला. त्यामुळे गोदाकाठाने 26 एप्रिलला मत दिले तर अंबडकरांनी 13 मेला. सासऱ्याचे मतदान झाले, जावयाचे अजून व्हायचे, अशी गंमत. निकाल 4 जूनला लागला. जालन्यात 1999 पासून सलग पाच वेळा निवडून आलेले रावसाहेब दानवे काँग्रेसच्या कल्याण काळेंकडून एक लाखाहून जास्त मतांनी पडले. परभणीत ठाकरे गटाचे संजय जाधव आले. दिल्लीत मात्र भाजपला 240 जागा मिळाल्या. बहुमताला 272 लागतात, म्हणून तेलुगू देसमचे 16 आणि नितीशकुमारांचे 12 असे जोडत 9 जूनला आघाडीचे सरकार बसले. म्हणजे आपल्या तालुक्याचे दोन्ही खासदार विरोधी बाकावर.

तेव्हापासून पारावर दोनच मते ऐकू येतात. एक म्हणतो, ही खिचडी आहे, शिजायच्या आत सांडेल. दुसरा म्हणतो, आता एकट्याची मनमानी संपली, शेतकऱ्याचे ऐकावेच लागेल. मला दोन्ही पटत नाहीत. का, ते उसावरूनच सांगतो.

1977 ला चार-पाच पक्ष एकत्र येऊन जनता सरकार झाले. त्या सरकारने ऑगस्ट 1978 मध्ये साखरेवरचे नियंत्रण एकदम उठवले. 1977-78 ला देशात सुमारे 65 लाख टन साखर झाली होती, बाजार आधीच भरलेला. भाव कोसळले, उसाची उचल देता देता कारखान्यांचा दम निघाला, लोकांनी ऊस मोडला. 1979-80 ला उत्पादन 39 लाख टनांच्या आसपास आले (त्या साली पाऊसही नव्हता, सगळा दोष सरकारचा नाही). शेवटी डिसेंबर 1979 ला नियंत्रण परत आले. तेव्हाही दिल्लीत मोडके-तोडके सरकारच होते.

उलट 2009 घ्या. तेव्हाही आघाडीच होती. ऑक्टोबरात वटहुकूम निघाला, एसएमपी जाऊन एफआरपी आली. एखाद्या राज्याने त्याहून जास्त भाव ठरवला तर फरक राज्याने भरावा असे त्यात होते. उत्तरेचे ऊसकरी नोव्हेंबरात ट्रॅक्टर, गाड्या घेऊन दिल्लीत उतरले आणि सरकारने ते कलम मागे घेतले. पण नफ्यातला वाटा देणारे जुने 5-अ कलम गेले ते गेलेच. ज्यांचा गलका झाला त्यांचे काम झाले.

आणि एका पक्षाचे भक्कम बहुमत असताना काय झाले? 7 डिसेंबर 2023 ला, गाळप ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली. आठवड्याने थोडी ढील दिली, तोवर ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभी केली त्यांचे हिशोब चुकले होते. 2024 च्या ऑगस्टअखेर बंदी उठली. आता कोणी म्हणेल, ही आघाडीची करामत. मला तसे वाटत नाही. पाऊस बरा झाला होता, साखरेचा साठा होता, राज्याची निवडणूकही तोंडावर होती.

मुद्दा असा की सरकार एकाचे की दहांचे यावर भाव ठरत नाही. डाव्या कालव्याच्या शेपटाला ज्यांची जमीन आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पाळीपत्रकात नाव सगळ्यांचेच असते. पाणी ज्याच्या हातात दाराची चावी त्याला आधी. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात आंध्रच्या राजधानीला 15 हजार कोटी आणि बिहारला रस्ते, पूल मिळाले, कारण चावी त्यांच्याकडे होती. महाराष्ट्रातल्या 48 पैकी 30 जागा तर विरोधकांच्या. इकडे साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी 2019 ला किलोला 31 रुपये केला, आणि एफआरपी टनाला 2750 वरून 2024-25 ला 3400 पर्यंत गेली तरी तो 31 चा 31 च होता. सभासदाला भाव हवा हे बरोबरच, पण तो देणारा पैसा साखरेतूनच यायचा आहे. हा प्रश्न दोन्ही खासदारांना लेखी विचारा, पक्ष न बघता. विरोधी बाकावरचा खासदार निदान सभागृहात विचारू तरी शकतो.

पण आपण एकत्र जाऊन विचारू का, याचीच मला काळजी. अंतरवाली सराटी आपल्या तालुक्यात, वडीगोद्रीही आपल्याच तालुक्यात. एका ठिकाणी मराठा आरक्षणाचे उपोषण, दुसऱ्या ठिकाणी ओबीसींचे. दोन्हीकडची माणसे आपली सभासद आहेत, दोघांचा ऊस एकाच काट्यावर वजन होतो. मागण्या बरोबर-चूक ठरवायला मी बसलेलो नाही. पण दिल्लीत एकमेकांना शिव्या दिलेले पक्ष एका टेबलाला बसतात आणि इथे एका चारीवरचे दोन शेतकरी बोलेनासे होतात, हे मी डोळ्यांनी पाहिले.

त्या पावसाळ्यात एक सभासद आडसालीच्या बेण्यासाठी गट ऑफिसला आला. मी जवळच्या बेणेमळ्याची चिठ्ठी फाडली. त्याने ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "साहेब, मळा कुणाचा?" मी नाव सांगितले. "मग राहू द्या, लांबून आणतो."

मी म्हणालो, "दादा, को 86032 आहे. दहा महिन्यांचं, निरोगी. डोळा बघा, मालक कशाला बघता?"

तो बराच वेळ गप्प बसला. चहा घेतला. दोन दिवसांनी बेणे नेले, पण ट्रॅक्टर मळ्याच्या मागच्या वाटेने नेला.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते