कबरस्तानातील भिंत

धर्माच्या बाबतीत ‘उदार’ म्हटले की आपल्याकडे ढिला, सणापुरता धार्मिक असा माणूस डोळ्यांपुढे येतो. माझे मत उलटे आहे. उदार होणे हे कर्मठ राहण्यापेक्षा अधिक कष्टाचे काम आहे. याचे उदाहरण मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजात सापडते. आपल्या नंदुरबारकडे हा समाज सहसा भेटत नाही, म्हणून थोडी ओळख.

हे लोक मूळ कोकणातले, आजच्या रायगड जिल्ह्याच्या बाजूचे. तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत; म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आडनावे दिवेकर, केहीमकर, अष्टमकर अशी गावांवरून पडलेली.

१८३६ साली मुंबईत बगदादकडून आलेल्या काही ज्यूंनी सरकारकडे अर्ज केला की, आमच्या व बेने इस्राएलांच्या सामाईक कबरस्तानात मधे भिंत घालावी. मेल्यावरसुद्धा शेजार नको! १९४८ नंतर पुष्कळ बेने इस्राएल इस्रायलला गेले, तर १९६० नंतर तेथील धर्मपीठाने इतर ज्यूंशी त्यांचे विवाह लावण्यापूर्वी वंशाची चौकशी आरंभली. आई कोणाची, आजी कोणाची? जात पडताळणीसाठी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत फिरलेल्या आपल्या मित्रांना याची धग कळेल. फरक एवढाच की, ती पडताळणी हक्क योग्य माणसाला मिळावा म्हणून असते, ही लग्न अडविणारी होती. अखेर आंदोलन झाले आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेला सांगावे लागले की हे लोक सर्वार्थाने ज्यूच आहेत.

पण अन्याय सोसणारा समाज आपोआप न्यायी होतो असे नाही. बेने इस्राएलांतही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते व त्यांत बेटीव्यवहार होत नसे. भिंत मागणारे परके होते, ही मात्र घरचीच भिंत.

म्हणूनच मला डॉ. जेरुशा झिराड यांचे काम मोठे वाटते. या बाई लंडनच्या एम.डी., पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख. १९६६ मध्ये पद्मश्री. इंग्लंडमध्ये त्यांनी उदारमतवादी ज्यूंचा पंथ पाहिला आणि १९२५ मध्ये मुंबईत ‘ज्युइश रिलिजस युनियन’ स्थापन केली. तिचे प्रार्थनामंदिर ‘रोदेफ शालोम’. परंपरेच्या मंदिरात बायका वेगळ्या, बहुधा वरच्या सज्जात बसत. येथे स्त्री-पुरुष एकत्र बसू लागले. धर्मग्रंथ मानायचा, पण प्रत्येक पिढीने आपल्या विवेकाने तो पुन्हा वाचायचा, ही यामागची दृष्टी.

एक उणीव मात्र सांगितलीच पाहिजे. ही चळवळ इंग्रजी शिकलेल्यांचीच राहिली. प्रार्थनेत हिब्रूच्या जोडीला इंग्रजी आली. त्याआधी १८८० च्या सुमारास या समाजात जुन्या करारातील कथांवर मराठी कीर्तने सुरू झाली होती. मला विचाराल तर अधिक उदार ती कीर्तने होत. आपल्या तळोदे तालुक्यात मोरवड-रंजनपूरच्या संत गुलाम महाराजांनीही १९३७-३८ च्या सुमारास आदिवासींना एकत्र आरतीला बसविले, दारू सोडायला लावली. कोणत्या धर्मपीठाची परवानगी घेतली होती त्यांनी?

राजकारणाचेही तसेच. १९१६ मध्ये लोकमान्यांवरील राजद्रोहाच्या खटल्यात बॅरिस्टर जिनांच्या जोडीला जे एरुळकर उभे होते, ते बेने इस्राएल. टिळक हिंदू, वकील एक मुसलमान, एक ज्यू! धर्मावरून पक्ष ठरत नव्हता. आजही गाझातील युद्धावर एखाद्या मराठी ज्यूचे मत काय असेल, हे त्याला न विचारताच आपण ठरवून मोकळे होतो. त्याने निष्ठेचा दाखला खिशात घेऊन का हिंडावे?

हे सारे दूरचे वाटत असेल तर जवळचे पाहू. आमच्या गल्लीतल्या गणपतीत आरतीचे ताट मुलांच्या हाती, आणि रांगोळी, प्रसाद, भांडी मुलींकडे. ही वाटणी कोणी केली, असे गेल्या वर्षी मी विचारले. ‘पूर्वीपासून आहे’, एवढेच उत्तर मिळाले. यंदा पुन्हा विचारणार आहे.