मूळ शोधनिबंध 'झेपत नाही' म्हणे!

पदवीच्या मुलांना मूळ शोधनिबंध वाचायला लावू नयेत, असं म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद ठरलेला असतो. इंग्रजी जड, संख्याशास्त्र अवघड, वेळ कमी; त्यापेक्षा पाठ्यपुस्तकातला सारांश बरा. फारच झालं तर गोषवारा चाळावा आणि प्रकल्पाच्या शेवटी संदर्भ टाकून मोकळं व्हावं. लेख अस्सल आहे की नाही हे ओळखायची युक्तीही तयारच असते: नियतकालिक नामांकित आहे ना, मग झालं!

या युक्तीची अमेरिकेत पुरती फजिती झाली. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 1980 साली जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं पाच वाक्यांचं पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या 11,882 जणांपैकी, व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्या फक्त चौघांत व्यसनाची नोंद सापडली, एवढंच त्यात होतं. औषध किती दिवस दिलं, घरी गेल्यावर रुग्णांचं काय झालं, याबद्दल अवाक्षर नाही. तरी पुढची कित्येक वर्षं 'या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं' याचा पुरावा म्हणून हेच पत्र पुढे केलं गेलं. 2017 मध्ये त्याच नियतकालिकात कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब मांडला. 608 लेखांनी पत्राचा हवाला दिला होता. त्यांतल्या सुमारे 81 टक्के लेखांनी, हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते ही गोष्टच गाळली होती. आणि हे लिहिणारे काही पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नव्हते.

मग मूळ शोधनिबंध ओळखायचा कसा? लेखकाने स्वतः मोजलं का, आणि कसं मोजलं ते सांगितलं का, हे पाहून. आढावा घेणारा लेख इतरांचे निकाल एकत्र करतो. नव्या विषयात शिरताना तो फार उपयोगी, पण त्यातली मोजणी दुसऱ्यांची असते.

आता 'झेपण्या'चं. अभय बंग, राणी बंग आणि सहकाऱ्यांचा, गडचिरोलीतल्या नवजात बाळांच्या घरच्या घरी घेतलेल्या काळजीविषयीचा शोधनिबंध डिसेंबर 1999 मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. नवजात मृत्युदरात 62 टक्के घट, हा त्यातला आकडा सतत उद्धृत होतो. तो तपासून पाहावा. सेवा मिळालेल्या 39 गावांत हजार जिवंत जन्मांमागे मृत्यू 62 होते, ते तिसऱ्या वर्षी 25.5 वर आले. भागाकार केला तर घट भरते सुमारे 59 टक्के. उरलेले तीन टक्के आले कुठून? त्यासाठी तुलनेच्या 47 गावांचे आकडे पाहावे लागतात. तिथे दर 57.7 वरून 59.6 वर गेला, म्हणजे तीन टक्क्यांनी वाढला. इकडची घट आणि तिकडची वाढ मिळून 62. (सुरुवातीचा दरही 62 आणि घटही 62; घाईत वाचणारा इथे हमखास घसरतो.)

हे करायला दहावीचं गणित पुरतं. पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: ही गावं निवडली कशी, चिठ्ठ्या टाकून की आधीच ठरलेली? त्याचं उत्तर गोषवाऱ्यापेक्षा कार्यपद्धतीच्या भागात शोधावं. संख्याशास्त्राच्या चाचण्या अवघड असतात, हे मान्य. त्या समजावून द्यायला वर्गात शिक्षक असतातच.

तेव्हा प्राध्यापकांनी वीस संदर्भांची यादी मागणं थांबवावं. सत्रभरात एकच शोधनिबंध तक्त्यांसकट वाचून घ्यावा आणि तोंडी परीक्षेत त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून विचारावं: हा कुठून आला?