चुरमुऱ्याचं विमान



मागच्या शनिवारी आमच्या बॅकयार्डमध्ये एक विमान पडलं. घाबरू नका, चुरमुऱ्याचं होतं. (बायको मुंबईची, ती कुरमुरे म्हणते. आम्ही सांगलीकर, आम्ही चुरमुरेच म्हणणार!) इंडियन स्टोअरमधले चुरमुरे, गुळाचा पाक, दीड फुटाचा पंख. हातातून सोडलं ते सरळ नाक खाली करून आपटलं. लेक म्हणाली, "बाबा, हा लाडूच आहे, फक्त चपटा." आणि डावा पंख खाऊन टाकला.

आता हा उद्योग कशापायी, तर ऐका.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, २००५ च्या पुरापेक्षाही वर. आमचे आई-बाबा गावभागात वरच्या मजल्यावर चार दिवस अडकले. मी इथे फ्रीमाँटला, रात्रभर फोन हातात. आई म्हणायची, "काळजी करू नकोस, भडंगाचा डबा भरलेला आहे." पण प्यायचं पाणी संपत आलं होतं, ते तिनं तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्याच पुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि माणसं बुडाली. माणूस पाठवायचा म्हणजे त्याचाही जीव पणाला लागतो, हे तेव्हा नीट कळलं.

मग ड्रोन का नाही? इंजिनियरच्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येणार. अडचण वजनाची आहे. बाजारातले ड्रोन साधारण स्वतःच्या वजनाच्या १० ते ३० टक्केच माल उचलतात. म्हणजे हमाल पोत्यापेक्षा जड! आणि एकदा पाठवला की तो परत यायलाही हवा.

इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या 'अदरलॅब'ने २०१७ मध्ये परतीचा प्रश्नच काढून टाकला. पुठ्ठ्याचं ग्लायडर, मोटार नाही, साधारण एक किलो सामान घेऊन वरच्या विमानातून सोडायचं, उतरलं की तिथेच कुजून जाईल. नाव काय ठेवलं, तर 'अप्सरा'! पण पुठ्ठा काही खाता येत नाही.

ती पायरी स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या ईपीएफएल या संस्थेतल्या मंडळींनी २०२२ मध्ये गाठली. त्यांनी पंखच खाण्याचा केला, आणि तोही फुगवलेल्या तांदळाचा. म्हणजे आपले चुरमुरेच की हो! तांदळाच्या या चकत्या वजनाला आणि ताठपणाला मॉडेल विमानांच्या फोमच्या जवळ जातात. त्या षटकोनी कापायच्या, जिलेटिनने चिकटवायच्या आणि वाळवायच्या. त्यामुळे विमानाच्या वजनातला निम्मा वाटा अन्नाचा झाला. पंखात ३०० कॅलरी, म्हणजे एका माणसाचा नाश्ता, आणि वर ८० ग्रॅम पाणी. ते उडालंही, सेकंदाला साधारण १० मीटर वेगाने.

वाचलं आणि मला भडंगाचा डबाच आठवला. म्हणून तो शनिवारचा खटाटोप. माझी पहिली चूक गुळाची. पाक जड, शिवाय हवेतला ओलावा ओढतो, तासाभरात पंख मऊ. त्या मंडळींनाही पंख प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावे लागले. चुरमुरे सादळणं ही आपल्या प्रत्येक आईची पावसाळी तक्रार, आणि पूर येतो तो नेमका पावसाळ्यात! जिलेटिन म्हणाल तर प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं, ते आमच्या घरात चालायचं नाही.

रविवारी फोनवर बाबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "चार दिवसांत आम्ही भुकेनं कासावीस झालो नव्हतो रे. तहानेनं झालो होतो. तुझं ते ८० ग्रॅम पाणी म्हणजे चार घोट. पंख लहान कर, पाणी वाढव."

माझ्या सगळ्या गणितात भूकच होती. ज्यांच्यासाठी यंत्र बनवायचं त्यांना आधी विचारावं, हे इतकी वर्षं नोकरी करून मला बाबांकडून शिकावं लागलं. आता पाणी वाढवायचं तर वजन वाढणार, मग पंख लहान कसा करायचा? गणित पुन्हा पहिल्यापासून!

या शनिवारी तांदळाची खळ वापरून बघणार आहे, लहानपणी पतंगाला लावायचो ती. आईला सांगितलं तर म्हणाली, "खळीत चिमूटभर मीठ घाल. कुणी खाल्लंच तर निदान चव तरी लागेल."