विहीर विकली, झरा नाही

आयबीएमने २०१९मध्ये ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट ही लिनक्स कंपनी घेतली, तेव्हा तिचे स्वातंत्र्य अबाधित राहील अशी ग्वाही दिली गेली होती. डिसेंबर २०२०मध्ये रेड हॅटने जाहीर केले, की तिच्या लिनक्सची मोफत प्रतिकृती असलेल्या सेंटओएस ८चा २०२९पर्यंत अपेक्षित असलेला आधार २०२१अखेरच संपेल. या मोफत प्रणालीवर विसंबलेल्यांची झोप उडाली. २०२३मध्ये रेड हॅटच्या लिनक्सच्या मूळ संहितेची सार्वजनिक वाटही अरुंद झाली. परवान्यांचा कीस वकील काढोत. विश्वासाला तडा गेलाच. तरी समुदाय हातावर हात ठेवून बसला नाही. सेंटओएसच्या घोषणेनंतर त्याच खुल्या संहितेतून रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स हे मोफत पर्याय उभे राहिले. विहीर विकत घेता येते, झरा नाही. पण तो वाहता ठेवायचा, तर फुकट पाणी भरणाऱ्यांनीही गाळ उपसायला उतरले पाहिजे.