चावडी की वाचनालय?

दर शिवजयंतीला कल्याण-डोंबिवलीच्या इतिहासप्रेमींच्या समूहांत एक चित्र हमखास फिरते. दरबार भरलेला असतो, आबाजी सोनदेव समोर उभे असतात, कल्याणच्या सुभेदाराची सून नजराणा म्हणून आणलेली असते आणि महाराज तिला साडीचोळी देऊन सन्मानाने परत पाठवीत असतात. चित्राखाली मुजऱ्यांची रांग लागते. मग कोणीतरी विचारतो, ‘याला समकालीन पुरावा कोणता?’ पुढच्या अर्ध्या तासात पुरावा बाजूला राहतो आणि विचारणाऱ्याची जात, त्याचा पक्ष आणि त्याचे पूर्वज यांची चौकशी सुरू होते.

अशा वेळी सगळे ज्याच्याकडे पाहू लागतात, तो माणूस बहुधा संध्याकाळच्या कल्याण गाडीत दाराशी दांडा धरून उभा असतो आणि मोकळ्या हाताने मोबाइल चाळत असतो. त्याला पगार नाही, मानधन नाही, कोणी त्याची रीतसर नेमणूकही केलेली नसते. समूह चालविण्याचे काम त्याने हौसेने अंगावर घेतलेले असते. मुंब्र्याचा बोगदा येण्याआधी त्याला निर्णय करायचा असतो.

शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली, हे इतिहासाला मान्य आहे. सुनेच्या कथेला मात्र समकालीन साधनांत आधार सापडत नाही; ती नंतरच्या काळात रुजलेली आख्यायिका आहे. मग त्या माणसाने चित्र काढून टाकावे काय? प्रश्न विचारणाऱ्याला बाहेर काढून शांतता विकत घ्यावी काय? की दोघांनाही दटावून विषय बंद करावा? हा केवळ शिष्टाचाराचा पेच नाही. तो जे ठेवील ते पुढल्या वर्षी एखाद्या शाळकरी मुलाच्या भाषणात इतिहास म्हणून उतरेल, आणि तो जे काढील ते कधी तिथे होते याचाही मागमूस राहणार नाही. इतका अधिकार एका हौशी माणसाच्या अंगठ्याला मिळाला, तो कोठून?

या प्रश्नाला मराठीत एक तयार उत्तर आहे: गावगाड्यातून. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला, तेव्हा तेथील स्वयंसेवकांनी आपल्या व्यवहाराला नावे शोधली ती याच ठेव्यातून. सार्वजनिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ म्हटले. एखाद्या प्रस्तावावर सदस्यांचे मत घेणे म्हणजे ‘कौल’. देखरेख करणाऱ्या सदस्याला मात्र पाटील न म्हणता ‘प्रचालक’ म्हटले गेले, आणि हा एक बदल बाकीच्या सर्व नावांपेक्षा अधिक बोलका आहे.

चावडीची थोरवी खोटी नव्हती. मराठेशाहीत वाद उभा राहिला की गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि आसपासच्या गावांचे मातब्बर एकत्र जमत, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकत, साक्षी घेत आणि निवाडा महजरात लिहून त्यावर आपापल्या निशाण्या करीत. नांगर, कातर, हातोडा अशा त्या निशाण्या पाहिल्या म्हणजे न्यायाचा कागद सगळ्या गावाने मिळून लिहिला असे वाटते. आजच्या कोणत्याही समूहात एवढी उघड सुनावणी क्वचितच होते. पुरावा अपुरा पडला की त्याच व्यवस्थेत दिव्य करण्याची वेळ येई आणि वादी-प्रतिवादींना तापलेल्या लोखंडाला वा उकळत्या तेलाला हात लावावा लागे, हेही विसरून चालणार नाही.

पण खरी मेख दुसरीकडेच होती. पाटीलकी हे वतन होते. ते वारसाहक्काने येई, विकता येई, भावांत वाटून घेता येई. व्यक्ती गेली तरी अधिकार घराण्यातच राही. १६४६ मधील रांझे गावचे प्रकरण सर्वांना ठाऊक असते, पण अर्धेच. पाटील बाबाजी गुजर याने एका स्त्रीशी बदअमल केला म्हणून महाराजांनी त्याचे हात-पाय तोडविले, हे लोक अभिमानाने सांगतात. पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. अपंग झालेल्या बाबाजीला सांभाळण्याची जबाबदारी सोनजी गुजराने घेतली, सरकारात रक्कम भरली आणि पाटीलकी त्याच्या नावाने झाली. इतकी जबर शिक्षा होऊनही पद गुजरांच्याच गोतात राहिले. गुन्हेगाराला हलविता आले. वतनाची चौकट हलली नाही.

चावडीचे दुसरे हत्यार म्हणजे वाळीत टाकणे. पाणी, विस्तव, लग्नकार्य, न्हावी, परीट सगळे बंद. त्याची धार एवढी होती की स्वातंत्र्यानंतर जवळजवळ सात दशकांनी, २०१६ साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाला सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. समूहातून कोणाला काढणे ही त्या मानाने किरकोळ गोष्ट आहे, दोन्हींची तुलना करणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही ज्या सोसायटीत पाण्याच्या टँकरची वेळ आणि लिफ्टची दुरुस्ती केवळ व्हॉट्सॲप समूहावरच कळते, तेथील रहिवाशाला तिथून काढले तर पाणवठा बंद केल्याची थोडीशी आठवण होणारच.

म्हणून ठाणे-कल्याणच्या स्वयंसेवी नियंत्रकाने आपली वंशावळ चावडीत शोधू नये. त्याचा खरा पूर्वज त्याच्या घराजवळच आहे, फक्त त्याच्याकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही.

आगगाडी ठाण्याला आली १८५३ साली आणि कल्याणला १८५४ साली. पुढे दहा वर्षांत, १८६४ मध्ये, कल्याणला सार्वजनिक वाचनालय उभे राहिले. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले; त्याच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ‘महाराष्ट्र सारस्वत’कार विनायक लक्ष्मण भावे तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते. (मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचा जन्म त्यानंतरचा, १८९८ चा. ठाणेकर हे सांगायला विसरत नाहीत, आणि का विसरावे?) केवळ मराठी ग्रंथांसाठी एक संस्था काढावी आणि ती लोकांच्या वर्गणीवर चालवावी, ही कल्पना एकविशीतल्या माणसाला सुचली, हे आजच्या एकविशीतल्या वाचकाने जरा थांबून पाहावे असे आहे.

या संस्थांनी पुस्तकांइतकीच मोलाची आणखी एक गोष्ट आणली. अनोळखी माणसांनी एकत्र येऊन स्वतःवर नियम कसे घालावेत, याचा तो वस्तुपाठ होता. घटना लिहायची. वर्गणी भरेल तो सभासद, मग त्याचे आडनाव काहीही असो. कार्यकारी मंडळ ठराविक मुदतीसाठी निवडायचे. वर्षाच्या शेवटी सर्वसाधारण सभेपुढे अहवाल आणि हिशेब ठेवायचा आणि तिरकस प्रश्न ऐकून घ्यायचे. वाचकाची तक्रार असेल तर टेबलावर सूचना-वही ठेवलेली. सरकारने १८६० सालीच अशा संस्थांच्या नोंदणीचा कायदा केला होता, पण कायद्याने सवय लागत नाही. ती लागली वार्षिक सभांतून, रटाळ इतिवृत्ते वाचून आणि दुरुस्त्या सुचवून.

कागदावर खुले असलेले दार प्रत्यक्षात सर्वांना सारखे खुले नव्हते, हे सांगायलाच हवे. वर्गणी परवडणारा, अक्षर ओळखणारा, बहुतांशी उच्चवर्णीय पुरुष हाच तेव्हाचा वाचक होता. स्त्रियांना आणि दलितांना त्या बाकांवर यायला फार वर्षे लागली. पण फरक असा की वाचनालयाची घटना पुढे करून कोणालाही आत येण्याचा हक्क मागता येत होता. वतनाच्या सनदेत तशी सोयच नव्हती.

जुन्या वाचनालयातील कोणतेही गाजलेले ऐतिहासिक पुस्तक उघडावे. समासात पेन्सिलीने लिहिलेले असते, ‘साफ खोटे’. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात, ‘आधी वाचायला शिका’. त्याखाली तिसऱ्याचे, ‘ग्रंथालयाची पुस्तके खराब करू नयेत’, तेही शाईने! आज पडद्यावर जे भांडण चालते ते आजोबांनी समासात आधीच करून ठेवले आहे. ग्रंथपालाने त्यावर काय केले? पुस्तक मागे घेतले नाही. वाचकाचे सभासदत्वही सहसा रद्द केले नाही. त्याने खोडरबर हाती घेतले, अगदीच असभ्य मजकूर पुसला, उरलेला तसाच ठेवला आणि पुस्तक पुन्हा कपाटात लावले. मूळ मजकूर अबाधित, शेरा शेऱ्याच्या जागी. ज्याचे त्याला कळावे.

हाच संस्कार पुढे रस्त्यावरही आला. १९९९ च्या गुढीपाडव्याला डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रा निघाली आणि पाहता पाहता तिचे अनुकरण ठिकठिकाणी झाले. नटूनथटून फडके रस्त्यावर लोटलेल्या तरुणाईची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. चित्ररथांमधले अंतर राखणारा, लेझीम पथकाला पुढे सरकविणारा, रस्त्याच्या कडेला दोरी धरून दोन तास उभा राहिलेला कार्यकर्ता त्या छायाचित्रांत नसतो. त्याला कोणाला हाकलण्याचा अधिकार नाही. ‘काका, जरा मागे या’ एवढेच त्याचे शस्त्र, आणि ते चालते, कारण दुसऱ्या दिवशी तोच त्या काकांना भाजीबाजारात भेटणार असतो.

जिथे हे आतले नियमन ढिले पडते तिथे बाहेरचे येते. ठाण्याने हेही पाहिले आहे. उत्सवांचे मंडप रस्ता अडवू लागले, ध्वनिक्षेपकांना धरबंध उरला नाही आणि मंडळांनी आपल्याच शेजाऱ्यांचे ऐकणे सोडले, तेव्हा ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर २०१० साली जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाविषयी सविस्तर निकाल दिला. मंडळांना तो जाचक वाटला. पण डेसिबल मोजायला यंत्र घेऊन कोणी दारात येण्याआधी, शेजारच्या आजारी माणसासाठी आवाज स्वतःहून कमी करण्याची संधी त्यांच्याकडे किती वर्षे होती, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

आभासी समूहाच्या नियंत्रकाकडेही न्यायालयाने पाहिले आहे. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे असा मुद्दा आला की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी व्हॉट्सॲप समूहाचा ॲडमिन गुन्हेगार ठरतो काय. समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय ठरत नाही, असे न्यायालय म्हणाले; सदस्य घेणे आणि काढणे यापलीकडे त्याच्या हाती फारसे काही नाही, मजकूर येण्याआधी तो अडवू शकत नाही. निकाल न्याय्यच होता. पुढच्याच वर्षी व्हॉट्सॲपने ॲडमिनला इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसण्याची सोय दिली. दायित्व मर्यादित राहिले आणि खोडरबर मोठे झाले. त्यातल्या त्यात बरे एवढेच की पुसलेल्या जागी पुसणाऱ्या ॲडमिनचे नाव उमटते. का पुसले, ते मात्र उमटत नाही.

विकिपीडियाचे वेगळेपण इथे दिसते. तेथे प्रचालकाने पान काढले, सदस्याला रोखले, संपादन परतविले, तर त्याची नोंद राहते आणि ती कोणालाही वाचता येते. नाव ‘चावडी’ असले तरी आतला कारभार हिशेब मांडणाऱ्या वाचनालयाचा आहे. वर्षानुवर्षे तेच चार-दोन जण राबत राहिले की तेथेही वतनदारीचा वास येऊ लागतो, अशी तक्रार स्वयंसेवेवर चालणाऱ्या सर्वच ठिकाणी ऐकू येते. तिच्यात तथ्य असते; पण तक्रार करणाऱ्यांपैकी किती जण रात्री अकरा वाजता ती कामे करायला पुढे येतात, हेही पाहावे लागते. वतन काही वेळा बळकावले जाते आणि काही वेळा दुसरा कोणी उचलत नाही म्हणून एकाच्याच गळ्यात राहते.

आता कल्याण गाडीतल्या त्या माणसाकडे वळता येईल. चित्र पुसण्याचे त्याला कारण नाही, कारण आख्यायिका लोकांनी का जपली हाही इतिहासाचाच विषय आहे. प्रश्न विचारणाऱ्याला तर मुळीच हलवू नये. जातीवर आणि पूर्वजांवर घसरलेले संदेश तेवढे त्याने आपल्या नावानिशी पुसावेत आणि कारण एका ओळीत लिहावे. मग चित्राखाली चार ओळी जोडाव्यात: ही कथा आख्यायिका म्हणून प्रचलित आहे, समकालीन साधनांत ती आढळलेली नाही, कोणाकडे साधन असल्यास त्याचा तपशील द्यावा, स्त्रियांच्या सन्मानाविषयी महाराजांचे धोरण कागदोपत्री पाहायचे असेल तर १६४६ चे रांझ्याचे पत्र पाहावे. गाडी दिवा सोडून कोपरला येईपर्यंत एवढे लिहून होते.

त्यानंतर कोणी चिडून समूह सोडेल. कोणी त्याला खासगीत ‘तू कोण मोठा लागून गेलास?’ असे विचारील, आणि खरे सांगायचे तर हा प्रश्न वाजवी आहे. वर्षातून एकदा सर्व सभासदांपुढे आपण कोणाला काढले, काय पुसले आणि पुढे हे काम कोण करणार, हे त्याने मांडले तर त्याला उत्तरही मिळेल. ठाण्या-कल्याणच्या वाचनालयांच्या वार्षिक सभांत हे प्रश्न विचारण्याची रीत शतकापूर्वीची आहे. पुढच्या शिवजयंतीला तेच चित्र नव्या रंगांत पुन्हा येईल. या वर्षीची ती चार ओळींची नोंद तोवर कोणाला सापडेल अशा जागी ठेवली आहे की संदेशांच्या लोंढ्यात वाहून गेली आहे, एवढेच तेव्हा पाहायचे.