संमती हा अडथळा नव्हे


‘पीडितांची संमती मागत बसलं तर शोध-छायाचित्रण होणारच नाही’ हे मागच्या अंकातल्या पत्रलेखकांचं म्हणणं मला मुळीच पटलं नाही. जपानमधलं मिनामाता आठवा. चिस्सो कंपनीने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने तिथली माणसं पंगू केली. छायाचित्रकार युजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ १९७१ पासून सुमारे तीन वर्षं त्यांच्यात राहिले. त्यांचं एक छायाचित्र पाहा: अंधाऱ्या न्हाणीघरात आई लेकीला टबात धरून बसली आहे. लेकीची बोटं वाकडी, नजर वर, आणि आईची नजर फक्त तिच्यावर. हे जगभर पोहोचलेलं छायाचित्र आईच्या संमतीनेच निघालं. रुग्णांसोबत चिस्सोच्या कारखान्यात गेलेल्या युजीन स्मिथना जानेवारी १९७२ मध्ये बेदम मारहाण झाली, तीही याच कामापायी. लपवाछपवी करणाऱ्यांची परवानगी मागू नये, हे मलाही मान्य. पण तोच न्याय पीडिताच्या घरात लावायचा? शिवाय संमती एकदा दिली म्हणजे कायमची दिली, असंही नाही. मुलगी गेल्यानंतर, १९९८ मध्ये, आयलीन यांनी त्या छायाचित्राच्या वापराचा निर्णय तिच्या आईवडिलांच्या हाती सोपवला. यात पत्रकारितेचं काय बिघडलं, ते पत्रलेखकांनी जरूर सांगावं.

– एक वाचक, पुणे