म्हातारपणाचा वाटा पहिल्या उचलीतूनच काढा



ऊस तोडून गेला, बिलाची रक्कम खात्यावर पडली, की आठ-पंधरा दिवसांत ती कुठे गेली ते कळत नाही. सोसायटीचे कर्ज, खताची उधारी, लग्नकार्य, मोटारसायकल. म्हातारपणाचे उरले तर बघू. आणि उरत तर काहीच नाही. माझे स्पष्ट मत असे, की म्हातारपणाचा वाटा उरलेल्या पैशातून नव्हे, आलेल्या पैशातून प्रथम काढावा. बेणे आपण असेच आधी राखतो.

"शेतकऱ्याला कसली पेन्शन? जमीन हीच पेन्शन," असे आपल्या उंद्री भागात पुष्कळ जण म्हणतात. जमिनीचा आधार मोठा, हे खरेच. पण जमीन राबणाऱ्याला देते. सत्तरीच्या माणसाने रात्रीच्या लाईटीला उसाला पाणी द्यायला जायचे काय? बटईने दिली तर उत्पन्न निम्म्यावर येते, आणि पाऊस हुकून विहीर आटली की तेही जाते. खोडवा आपोआप येतो म्हणून ज्याने खत-पाणी तोडले, त्याला किती टनेज मिळते ते मी सांगायला नको. उतारवय हा आयुष्याचा खोडवाच आहे.

ज्यांची जमीन २ हेक्टरपर्यंत व वय १८ ते ४० आहे, त्यांच्यासाठी २०१९ साली प्रधानमंत्री किसान मानधन योजना निघाली. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये आपण भरायचे, तेवढेच सरकार भरते, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. घरधनिणीचे खाते वेगळे काढता येते. एवढ्यावर घर चालत नाही, पण औषधपाण्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी पोस्टात पीपीएफ खाते काढावे. व्याजदर सरकार ठरवते, ७.१ टक्के धरला, तर वर्षाला १०,००० प्रमाणे १५ वर्षांत भरलेल्या दीड लाखाचे सुमारे २ लाख ७१ हजार होतात. साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत रक्कम ठेवली, की दर तीन महिन्यांनी व्याज हातात येते.

जास्त व्याजाच्या मोहाने सगळा पैसा एके ठिकाणी मात्र ठेवू नका. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने बुलढाणा जिल्हा बँकेला परवाना नाकारला, तेव्हाची ठेवीदारांची घालमेल आपण विसरलेलो नाही. बँक बुडाली, तर एका ठेवीदाराला एका बँकेतील ठेवीवर व्याजासह ५ लाखांपर्यंतच विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो मुळीच नाही. सहकारावर विश्वास माझाही आहे; पण विश्वास वेगळा, हिशेब वेगळा.

शेवटची गोष्ट जरा नाजूक. सगळी जमीन हयातीतच पोरांच्या नावे करून मोकळे होऊ नका. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास २००७ च्या कायद्याने परत मागता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रात लिहिलेली पाहिजे. पण पोटच्या पोराविरुद्ध प्रांताच्या कचेरीत उभे राहण्यापेक्षा सातबारा आपल्या नावावर असलेला बरा. त्यामुळे लेकरांची माया कमी होत नाही, आणि आपला शब्द घरात राहतो.

येत्या हंगामाच्या पहिल्या उचलीतून दहा टक्के बाजूला काढून पाहावे, ही आग्रहाची विनंती. त्याच वेळी आपल्या शेअरवर वारसाची नोंद आहे की नाही, हेही शेअर्स विभागात तपासून घ्यावे.

— ऊस विकास अधिकारी